बोललेलं नोंदीत येत नाही

मौनमार्गाच्या अधिकृत इतिहासात असं लिहिलंय की आमचे दाजी दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसले, वरच्या दिव्याचा झोत त्यांच्या तोंडावर पडला आणि त्याच क्षणी त्यांचा शब्द विश्वात विरघळून गेला. दुसऱ्या अधिकृत इतिहासात लिहिलंय की खुर्चीत काहीएक विरघळलं नाही. दाजी घरी आले, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे राहिले, गालावर हात ठेवला, आणि शब्द विरघळला तो तिथे. अधिकृत इतिहास दोन कसे, असं विचारू नका. एकच असता तर एवढ्या मोठ्या मंडळानं सकाळी उठून करायचं काय?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आता लोक त्यांना मौनदादा म्हणतात, तसबिरीला हार घालतात, तसबिरीपुढे गालावर हात ठेवून बसतात. पण मी त्यांना पंथाआधीपासून ओळखतो. ते शिलाई मशिनी विकायचे आणि अखंड बोलायचे. म्हणजे किती? दारात उभे राहून त्यांनी बोलायला सुरुवात केली की घरातली बाई आधी नको म्हणायची, मग दार लोटायची, मग दाराआडून रडकुंडीला येऊन म्हणायची, ‘‘मशीन ठेवून जा, पण आता पुरे करा.’’ एकदा तर त्यांनी शिंप्यालाच त्याचं स्वतःचं जुनं मशीन परत विकलं होतं. त्या शिंप्याला हे कळलं तेव्हा दाजी पुढच्या गल्लीत पोचले होते, आणि तिथून त्यांचा आवाज येत होता. घरीही तोच प्रकार. झोपेत बोलत, घास तोंडात असताना बोलत, न्हाणीघरातून बोलत. कोपऱ्यातला पोपट त्यांना कंटाळून शीळ घालायचा सोडून उसासे टाकायला लागला होता. हे शेवटचं खोटं वाटलं तर ताईला विचारा. ती म्हणेल, ‘‘माझा भाऊ थापाड्या आहे, आमच्याकडे पोपट नव्हताच.’’ पण उसाशांबद्दल ती काही बोलणार नाही.

तर एके दिवशी दाजींची अक्कलदाढ सुजली. डॉक्टरांनी जबड्यात सुई टोचली, दाढ उपटली आणि सांगितलं, ‘‘संध्याकाळपर्यंत जबडा बधिर राहील. बोलू नका, जीभ चावली जाईल.’’ एवढीच काय ती देववाणी. बाहेरच्या बाकड्यावर एक तरुण वकील आपला सुजलेला गाल धरून पाळीची वाट बघत बसला होता. त्यानं दाजींना विचारलं, ‘‘फार दुखतं का हो?’’ दाजींनी गालावर हात ठेवला आणि छताकडे पाहिलं. त्या पाहण्यात वकिलाला वेदनेच्या पलीकडचं काहीतरी दिसलं. छतात मला कधी ओल येऊन पडलेल्या डागाशिवाय काही दिसलं नाही, पण मी वकील नाही.

तिथून दाजी घरी आले. मागोमाग शेजारचा जोडेवाला आला. त्याचं दुकान चालत नव्हतं. दुकान बंद करू की रेटू, असा सल्ला त्याला हवा होता, आणि दाजींकडे सल्ला फुकट आणि ओंजळीनं मिळायचा. त्या दिवशी मिळेना. दाजी ओट्याशी उभे, गालावर हात, आणि खिडकीतून येणारं ऊन डोळ्यांत जातंय म्हणून डोळे बारीक केलेले. जोडेवाल्यानं खिडकीकडे पाहिलं. खिडकीला पडदा नव्हता. झालं! त्यानं जोडे मोडीत काढले आणि पडदे विकायला घेतले. आज शहरातल्या निम्म्या खिडक्या त्यानं झाकल्यात. उरलेल्या निम्म्या उघड्या आहेत हेच त्याचं दुःख.

वकील खुर्चीवाल्यांचा पुढारी झाला आणि पडदेवाला ओटेवाल्यांचा. कारण उघड आहे. शब्द खुर्चीत विरघळला असेल तर पहिला साक्षात्कारी शिष्य वकील. ओट्याशी विरघळला असेल तर पहिला शिष्य पडदेवाला. एवढ्यासाठी दोघांनी आयुष्यभर ग्रंथ लिहिले, आणि एकमेकांच्या ग्रंथांना ‘बडबड’ म्हटलं. मौनमार्गात याहून मोठी शिवी नाही.

पंथ वाढला तसं एक नवं पद निघालं, अर्थकाराचं. गुरू बोलत नाहीत, मग ते काय म्हणतात हे सांगणारा कुणीतरी हवाच. लोक प्रश्न विचारत, दाजी गालावर हात ठेवून बघत राहत, आणि अर्थकार अर्थ सांगत. वकील आणि पडदेवाला असे दोघं अर्थकार असल्यानं नियम ठरला की ज्याच्या तोंडून आधी निघेल तो अर्थ खरा. त्यामुळे दाजींनी नुसती पापणी मिटली तरी दोघं स्प्रिंगसारखे उडायचे. असाच एकदा प्रश्न निघाला, ‘‘मौनदादा, हे घर मंडळाच्या नावावर करायचं ना?’’ दाजी गप्प राहिले. ते गप्प राहण्याशिवाय दुसरं करणार तरी काय? दोन्ही अर्थकारांना त्या गप्प राहण्यात होकार दिसला, आणि त्या एका बाबतीत आधी बोलायची चढाओढ झाली नाही. दोघं एकाच सुरात ‘हो’ म्हणाले.

दाजी जाऊन आता काही वर्षं झाली. मंडळाच्या भाषेत ते पूर्णमौन झाले. ताई त्याच घरात राहते; वापरते ती दोन खोल्या, समोरची आणि स्वयंपाकघर. आणि नेमकं या वर्षी मंडळाला सुचलं की मूळस्थान कुठलं, हे एकदाचं ठरवून टाकावं.

मूळस्थान ठरलं की तिथे कुणी राहायचं नाही, काही शिजवायचं नाही आणि बोलायचं तर नाहीच नाही. स्वयंपाकघर मूळस्थान ठरलं असतं तर ताईची रवानगी गावाबाहेरच्या मौननिवासात. ती एकदा ते बघून आली होती. आल्या आल्या पर्स खुर्चीवर टाकून म्हणाली, ‘‘अरे, तिथे चमचे लाकडाचे आहेत. का, तर वाजू नयेत म्हणून. कांदा तळत नाहीत. का, तर चुरचुरतो! एक म्हातारी मला जिन्यात भेटली. इकडे तिकडे बघून माझ्या कानात म्हणाली, ‘आज सोमवार ना हो?’ बिचारीला वार विचारायलासुद्धा माणूस मिळत नाही.’’

‘‘मग सांग की खुर्ची म्हणून,’’ मी म्हटलं. ‘‘एक साक्ष दिलीस की सुटलीस. त्या दिवशी घरात पक्षांबाहेरचं होतं कोण? तू आणि ते. तुझ्या साक्षीवर सगळं आहे.’’

तेवढ्यात दार वाजलं आणि दाताची डॉक्टरीण आत आली. जुन्या डॉक्टरांची मुलगी ही. वडील गेल्यावर तोच दवाखाना चालवते. जागा भाड्याची, आणि घरमालक पक्का खुर्चीवाला.

‘‘काकू,’’ ती म्हणाली, ‘‘मी सरळच विचारते. तुम्ही खुर्ची म्हणणार आहात का?’’

‘‘तुला कुणी सांगितलं?’’

‘‘घरमालकानं दवाखान्याच्या दारावर झेंडूचं तोरण लावलंय आजच. म्हणाला, ‘तुम्ही भाग्यवान, तुमची जागा पवित्र होणार.’ मी म्हटलं, मग मी जाऊ कुठे? तर गालावर हात ठेवून उभा राहिला. काकू, बाहेर माणसं गाल धरून बसली होती. यातलं दुखणारं कोण आणि भक्त कोण, हे मला तोंड उघडून बघितल्याशिवाय कळेना.’’

ताई हसली. मग तिनं डॉक्टरणीला बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, ‘‘तू परकरात होतीस तेव्हापासून बघतेय तुला. तुझी जागा घालवून मी माझी वाचवेन होय गं?’’

डॉक्टरीण गेल्यावर मी म्हटलं, ‘‘छान. आता तू राहणार कुठे?’’ आणि मी तिला तिसरी जागा सुचवली. शब्द बसमध्ये विरघळला म्हणून सांग. दाजी दवाखान्यातून घरी बसनंच आले होते. बसला मूळस्थान करू दे त्यांना. पळत राहतील मागे.

‘‘आणि ड्रायव्हरचं काय करशील?’’ ताई म्हणाली. ‘‘त्याचीही नोकरी घालवतोस? तू गप्प बस. मी खरं काय ते सांगणार आहे.’’

सुनावणी ताईच्याच समोरच्या खोलीत भरली. सकाळी वकीलसाहेब आले, आता पांढरी दाढी राखलेले. पडदेवाले आले. मंडळाचा लेखनिक आला, पेन उघडून बसला. जिन्यावर दोन्ही पक्षांचे भक्त दाटीनं बसले. पडदेवाल्यांनी खोलीत शिरल्या शिरल्या खिडकीचं माप डोळ्यानं घेतलं, सवय.

वकीलसाहेबांनी नियम सांगितले. मार्ग मौनाचा, तेव्हा साक्षही मौनाची. ‘‘मातोश्री, आपण गालावर हात ठेवून शांत बसायचं. आपण शांत झालात की आम्ही अर्थ सांगू. जो अर्थ आधी उच्चारला जाईल तो निर्णय.’’

‘‘म्हणजे मी बोलायचं नाही?’’

‘‘बोलू शकता. पण बोललेलं नोंदीत येत नाही.’’

‘‘बरं,’’ ताई म्हणाली. ‘‘आणि मी गप्पच झाले नाही तर?’’

वकीलसाहेबांनी पडदेवाल्यांकडे पाहिलं. पडदेवाल्यांनी लेखनिकाकडे. मौनमार्गात हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता, कारण मौनमार्गात येतात तीच माणसं गप्प बसायला येतात.

‘‘मग... थांबावं लागेल,’’ वकीलसाहेब म्हणाले. ‘‘साक्षीदार शांत झाल्याशिवाय अर्थ लावता येत नाही. तसा नियमच आहे.’’

‘‘आणि तोवर घर?’’

‘‘तोवर जैसे थे.’’

‘‘मग नीट बसा,’’ ताई म्हणाली आणि पडदेवाल्यांकडे वळली. ‘‘भावजी, त्या उशीला टेका, तुमची पाठ दुखते. हं. तर त्या दिवशी हे दाढ काढून घरी आले...’’

आणि तिनं सगळं सांगितलं. सुई, बधिर जबडा, डोळ्यांत गेलेलं ऊन. पडदेवाल्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, पण लेखनिकाचं पेन जागचं हललं नाही. पुढचं मात्र मलाही ठाऊक नव्हतं. ताई म्हणाली, ‘‘संध्याकाळी जबडा मोकळा झाला. ह्यांनी तोंड उघडलं. दिवसभराचं साठलेलं होतं. मी म्हटलं, ‘अहो, एक मागू? आजची संध्याकाळ बोलू नका. लग्न झाल्यापासून मी या घरात भिंतीवरची पाल चुकचुकलेली ऐकली नाही. एक संध्याकाळ द्या.’ आणि ह्यांनी दिली. तेवढ्यात कुणीतरी आलं, मग आणखी कुणी आलं, ‘शेजारी म्हणतात इथे न बोलता सल्ला मिळतो’ म्हणून. हे माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायची, अजून थोडं. सकाळी दार उघडलं तर जिनाभर माणसं. झाला तुमचा पंथ! माझ्यासाठी म्हणून गप्प बसला होता तो माणूस. एका संध्याकाळपुरता.’’

जिन्यावर कुजबुज झाली. कुणीतरी ‘‘श्श्’’ केलं. वकीलसाहेब घसा खाकरून म्हणाले, ‘‘मातोश्री, हे फार... हृद्य आहे. पण बोललेलं नोंदीत...’’

‘‘येत नाही. ठाऊक आहे. म्हणून तर सांगतेय,’’ ताई म्हणाली आणि पाण्याच्या तांब्याकडे वळली.

तिनं तांब्या तोंडाला लावला मात्र, पडदेवाले उसळले, ‘‘मातोश्री म्हणतात, ओटा!’’ वकीलसाहेब त्यांच्यावर ओरडले, ‘‘हरकत आहे! पाणी पिणं हे मौन नव्हे!’’ ‘‘मग काय आहे? तोंड बंद होतं!’’ ‘‘तोंड बंद नव्हतं, उघडं होतं, उघड्या तोंडानं पाणी पितात!’’ दोघं चांगले अर्धा तास भांडले. त्यात पाण्याच्या घोटापासून आवंढ्यापर्यंत सगळं आलं. शेवटी पिण्याला मौन मानू नये असं ठरलं. तेही का, तर दोघांनाही तहान लागली होती.

ताई तोवर बोलत होतीच. भांडणात तिचा शब्द कुणाला ऐकू आला नाही एवढंच.

दिवस मावळला. वकीलसाहेब म्हणाले, ‘‘उद्या सकाळी पुढे.’’ बैठकीबाहेरचं मौन मोजायचं नाही हे त्यांनीच ठरवलं, कायद्याची सवय. आणि दुसऱ्या दिवशी ताई पुढे सुरू झाली.

आता सांगायला हवं की ताईला बोलायचं फार होतं. आधी नवरा बोलायचा, तेव्हा तिला फट मिळाली नाही. मग नवरा गप्प झाला, तेव्हा गुरूची बायको म्हणून तिनं बोलणं शोभेना. इतक्या वर्षांचं आत गच्च भरलेलं, आणि मंडळानं आपण होऊन बूच काढलं. ती मशिनींबद्दल बोलली. वरच्या मजल्यावरच्या बाईबद्दल बोलली, जी आपल्या सुनेचे केस स्वतःच कापते आणि मग सुनेला घराबाहेर पडू देत नाही. आपल्या सासूबद्दल बोलली, सासऱ्यांच्या चष्म्याबद्दल, मीठ स्वस्त असतानाच्या दिवसांबद्दल. पंथाचं पहिलं वर्ष कसं होतं, तेही तिनं सांगितलं. मिक्सर लावून त्याच्या घरघरीत दाजी तिच्याशी बोलायचे. जिन्यातल्या भक्तांना वाटे, आत काहीतरी वाटण चाललंय. विजेचं बिल फार आलं म्हणून मंडळानं चौकशी केली, तेव्हा अर्थकारांनी अर्थ लावला की ही घरघर म्हणजे ध्यान. अजून कितीतरी घरांत सकाळी रिकामा मिक्सर लावून माणसं डोळे मिटून बसतात. ‘‘मग तुम्हीच घरी राहायला आलात,’’ ताई म्हणाली, ‘‘मिक्सरच्या शेजारीच गादी टाकलीत. तेव्हापासून तेही बंद झालं.’’

दोघं अर्थकार जमिनीकडे बघायला लागले.

मी बघत होतो ते दुसरंच. पहिल्या दिवशी हे दोघं खुर्चीच्या कडेवर बसले होते, ताईचा श्वास अडला तरी झडप घालायला तयार. हळूहळू पाठ टेकायला लागले. एका दुपारी जेवणाची वेळ टळून गेली तरी वकीलसाहेब उठेनात. मी म्हटलं, ‘‘साहेब, जेवून घ्या.’’ तर ते माझ्यावरच डाफरले, ‘‘थांबा हो जरा! त्या सुनेचे केस वाढले का नाही?’’ आणि पडदेवाले तर घरून येताना मटारच्या शेंगा घेऊन यायचे, कारण ऐकता ऐकता हातांना काम लागतं. आमच्या समोरच्या खोलीत शहरातले दोन थोर साक्षात्कारी मांडी घालून मटार सोलत होते, आणि लेखनिक कोरा कागद जपत बसला होता. जिन्यावरच्या भक्तांचं काय सांगू! आतलं ऐकू येत नाही म्हणून मागचे पुढच्यांना विचारायचे, पुढचे मागच्यांना सांगायचे. मौनमार्गाच्या जिन्यात इतकी गजबज मी कधी ऐकली नव्हती. खालचा वाणी म्हणत होता की त्यांच्या आवाजानं त्याचा तराजू हलतो आणि गिऱ्हाइकाला माल जास्त जातो. आता वाणी असं म्हणतोय म्हटल्यावर खरंच असणार.

पण घसा काही लोखंडाचा नसतो. ताईचा आवाज बसायला लागला. सकाळी घोगरा, दुपारी फाटका, संध्याकाळी नुसता वारा. डॉक्टरीण रोज दवाखाना उघडायच्या आधी येऊन जायची.

‘‘मी दाताची डॉक्टर आहे काकू, घशाची नाही,’’ ती टॉर्च घेऊन ताईच्या घशात बघत म्हणाली, ‘‘पण हे लाल झालंय हे माझ्या घरमालकालासुद्धा दिसेल. चार दिवस बोलणं बंद करा.’’

‘‘चार दिवस बंद केलं तर पाचव्या दिवशी मी लाकडी चमच्यानं जेवत असेन.’’

‘‘मग म्हणा खुर्ची. मी दुसरीकडे बघते जागा. दात काय, कुठेही किडतात.’’

‘‘गप गं,’’ ताई म्हणाली. डॉक्टरणीनं टॉर्च पिशवीत टाकला आणि ताईसाठी पाणी गरम करायला ठेवलं.

मी ताईच्या बदली बोलून पाहिलं. बैठकीत उठून मी एक चांगला भरगच्च किस्सा सुरू केला, दाजींनी एका जहाजाच्या कप्तानाला भर समुद्रात शिलाई मशीन विकलं तो. शिडं शिवायला. दोघंही अर्थकार कंटाळले. वकीलसाहेब म्हणाले, ‘‘साक्षीदार मातोश्री आहेत. तुम्ही खाली बसा.’’ पडदेवाले म्हणाले, ‘‘आणि खोटं नका सांगू. खऱ्यालाच एवढा वेळ लागतोय.’’ माणसानं उतारवयात किती अपमान सोसावेत!

मग तो दिवस आला. सकाळी ताईनं तोंड उघडलं तेव्हा आवाज आलाच नाही आधी. गरम पाण्याचे दोन घोट घेतल्यावर आला, पण असा की खोलीतली तिन्ही माणसं पुढे सरकून बसली. मला वाटलं, आज संपतंय. वकीलसाहेबांचे हात खुर्चीच्या हातांवर होते. पडदेवाल्यांच्या मांडीवर शेंगा होत्या, पण सोलत नव्हते.

‘‘सगळं सांगून झालं,’’ ताई म्हणाली. ‘‘एकच राहिलंय. इस्पितळातला ह्यांचा शेवटचा दिवस.’’

लेखनिकानं कोरा कागद सरळ केला.

‘‘ह्यांना खाटेवर उंच बसवलं होतं. तुम्ही दोघं दोन बाजूंना. मी पायाशी, कारण उशाशी अर्थकार बसतात. सकाळपासून ह्यांची नजर मला शोधत होती. मी उठून जवळ गेले. ह्यांनी माझा हात धरला आणि तोंड उघडलं. इतक्या वर्षांनी. ओठ हलले, मला दिसले. मी कान अगदी जवळ नेला. आणि तुम्ही म्हणालात, भावजी,’’ तिनं पडदेवाल्यांकडे पाहिलं, ‘‘ ‘मौनदादा म्हणतात, सर्व काही ओट्याशी सुरू झालं.’ आणि तुम्ही ओरडलात, वकीलसाहेब, ‘हरकत आहे, मौनदादा म्हणतात, खुर्ची.’ माझ्या डोक्यावरून तुम्ही भांडत होतात. मी म्हणत होते, थांबा, थांबा ना. ते बोलत होते हो. मला आवाजाचा आवाज येत होता, शब्द नाही. तुम्ही भांडलात, भांडलात, आणि मग डॉक्टर आले आणि म्हणाले...’’

ताई थांबली.

तिनं पाणी घेतलं नाही. श्वास घ्यायला थांबली, असंही ते थांबणं नव्हतं. हात मांडीवर होते, गालावर नव्हते. ती नुसती समोर बघत होती, आणि त्या खोलीत पहिल्यांदा खरोखरचं, नियमात बसणारं, दोन्ही पक्ष इतके दिवस टपून बसले होते ते मौन झालं. जिना गप्प झाला होता. लेखनिकानं पेन कागदाला टेकवलं.

मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं. सवयीनं उघडलं असणार. मग त्यांनी ते मिटलं, चष्मा काढला आणि काहीच न पुसता परत घातला.

मी पडदेवाल्यांकडे पाहिलं. ते अर्धे उठले. मांडीवरच्या शेंगा खाली घरंगळल्या. ते तसेच वाकून शेंगा गोळा करायला लागले, एक एक करून, आणि त्या गोळा व्हायच्याच नाहीत, इतका वेळ.

मग जमिनीकडे बघतच ते म्हणाले, ‘‘वहिनी. काय म्हणत होता तो?’’

‘‘मला काय ठाऊक?’’ ताई त्या फाटक्या आवाजात म्हणाली. ‘‘ऐकू दिलंत का?’’

लेखनिक नवा होता, त्याला काही कळलं नाही. तो हळूच म्हणाला, ‘‘साहेब, मघाशी ते झालं, त्याची नोंद... काय म्हणून लिहू?’’

‘‘कशाची?’’ वकीलसाहेब म्हणाले.

‘‘त्या मौनाची.’’

‘‘कसलं मौन? वहिनी दम खात होत्या.’’ त्यांनी पडदेवाल्यांकडे पाहिलं नाही. ‘‘साक्ष चालू आहे.’’

‘‘चालू आहे,’’ पडदेवाले खालूनच म्हणाले.

‘‘पण साहेब, मी स्वतः...’’

‘‘तुम्ही बोलताय,’’ वकीलसाहेब त्याला म्हणाले, ‘‘आणि बोललेलं नोंदीत येत नाही. टोपण लावा पेनाला. वहिनी, तुमचा घसा बसलाय. पुढची बैठक घसा बरा झाल्यावर. किती दिवस लागतील?’’

‘‘ते माझी दाताची डॉक्टर सांगेल,’’ ताई म्हणाली.

‘‘तिच्या सल्ल्यानं घ्या. घाई नाही. मी त्या घरमालकाशी बोलतो, तोरण बिरण उतरवायला सांगतो. निर्णय व्हायचाय अजून.’’ आणि ते उठले. दारात त्यांनी मागे वळून एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, बहुधा मिक्सर कुठे असतो ते बघायला.

पडदेवाल्यांनी गोळा केलेल्या शेंगा ताईच्या पुढ्यात ठेवल्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण आयुष्यभर दुसऱ्याच्या गप्प बसण्याचे अर्थ सांगत आलेला माणूस तो. त्याला स्वतःचं वाक्य जुळवता येईना. ताईनं थोडा वेळ वाट बघितली. मग तीच म्हणाली, ‘‘सोललेले आत ठेवा आणि टरफलं बादलीत टाका. आणि उद्या सुनावणी नसली तरी या. जेवायला.’’

ते मान हलवून आत गेले. बादलीत टरफलं पडल्याचा आवाज आला.

ताई माझ्याकडे वळली. ‘‘तू काय बघत बसलायस तोंड वासून? जिन्यातल्या लोकांना सांग, आज संपलं म्हणून. आणि त्या केसांच्या सुनेचं पुढे काय झालं ते त्यांना तू सांगू नकोस. वाटोळं करशील.’’